टीचभर वाद्य, हातभर बडेजाव

दिवाळी अंक हाती घेऊन निवांत बसलेल्या वाचकाशी भांडण काढणे हे सभ्यपणाचे लक्षण नव्हे, हे मला कळते. तोंडात चकलीचा तुकडा असताना कोणालाही वाद नको असतो. परंतु काही भांडणे सणासुदीलाच काढावी लागतात, कारण ती ज्या खरेदीवरून उद्भवतात ती खरेदी याच दिवसांत होते. पाडव्याच्या मुहूर्तावर मुलांसाठी घरात काहीतरी नवे आणायचे असते, आणि त्या ‘काहीतरी’मध्ये अलीकडे एका चार तारांच्या चिमुकल्या वाद्याची भर पडली आहे. त्याचे नाव युकुलेले. माझे भांडण या वाद्याशी नाही. ते मोठे गोड आणि गुणी वाद्य आहे. माझे भांडण आहे ते त्याच्या मापावरून आणि लाकडावरून चाललेल्या श्रीमंती थेरांशी.

हे थेर मुळात आपल्याकडचे नाही. हवाई बेटांत, अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात आणि जपानात गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक युकुलेले हाताने घडवणारे कारागीर आहेत. उत्तम कारागिराकडे नाव नोंदवून महिनोन्महिने थांबावे लागते, आणि किंमत हजार डॉलरांच्या पुढे सहज जाते. हे गिऱ्हाईक काय मागते हे पाहिले की मौज वाटते. माप विचाराल तर बहुधा ‘टेनर’. लाकूड विचाराल तर ‘कोआ’, आणि तेही लाटालाटांच्या नक्षीचे. या मागणीची हवा हळूहळू दुकानांतून, जाहिरातींतून आणि शिकवणीवाल्यांच्या तोंडून आपल्या गावांपर्यंत येऊन पोचली आहे. मूळ कारागीर शहाणे असतात. हवेला मात्र अक्कल नसते. म्हणून आधीच स्वच्छ सांगून टाकतो. लहान वाद्य निष्कारण मोठे केल्याने आणि त्याला दुर्मिळ लाकूड चढवल्याने त्याचा मान वाढत नाही. त्याचा जीव मात्र कोंडला जातो.

ज्यांनी हे वाद्य हाताळले नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. गिटारचे धाकटे भावंड म्हणावे असे त्याचे रूप आहे. तारा नायलॉनच्या किंवा तशाच मऊ जातीच्या, त्यामुळे कोवळी बोटे सोलून निघत नाहीत. मापे मुख्यतः चार. सर्वांत लहान ते सोप्रानो, एकूण लांबी सुमारे २१ इंच. त्यापुढचे कॉन्सर्ट, २३ इंचांच्या आसपास. मग टेनर, २६ इंच. आणि शेवटी बॅरिटोन, जवळजवळ ३० इंच. पहिली तिन्ही बहुधा एकाच सुरांत लावतात. बॅरिटोन मात्र गिटारच्या चार बारीक तारांसारखे लावतात, म्हणून त्याला दोन तारा कमी असलेले गिटार म्हटले तरी चालेल.

सोप्रानोची खरी गंमत त्याच्या चौथ्या तारेत आहे. वरच्या अंगाची ही तार खर्जाची असेल असे आपल्याला वाटते, पण ती असते उंच सुराची. त्यामुळे हात वरून खाली फिरवला की सूर पायरीपायरीने चढत जात नाही. तो उंचावर सुरू होतो, एकदम खाली येतो आणि पुन्हा टुणकन वर उडी घेतो. हवाई भाषेत ‘युकुलेले’ या शब्दाचा अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’ असा सांगतात. पिसू हत्तीएवढी केली तर ती उडी मारील काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्याशी विचारावा.

आता थोडा इतिहास. कारण माझ्या बाजूचा सर्वांत पक्का साक्षीदार तोच आहे. १८७९ सालच्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज होनोलुलूच्या बंदराला लागले. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत मजुरी करण्यासाठी निघालेली चारशेच्या आसपास माणसे त्यात होती. गोव्यात साडेचारशे वर्षे ठाण मांडून बसलेल्या पोर्तुगीजांचेच हे भाऊबंद. पण हे राज्य करायला नव्हे, राबायला आलेले होते. त्यांच्यात मान्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दो एस्पिरितु सांतु असे तिघे सुतार होते. मळ्यावरची मुदत संपल्यावर त्यांनी होनोलुलूत टेबले-खुर्च्या करण्याची दुकाने थाटली, आणि फर्निचरच्या जोडीने आपल्या बेटावरचे ‘माशेत’ नावाचे छोटे तंतुवाद्य घडवायला घेतले. त्यातूनच युकुलेले जन्माला आले. हवाईचा राजा कलाकौआ याला ते आवडले, त्याने ते दरबारात आणि हुला नृत्याच्या साथीला आणले, आणि परक्या मजुरांचे वाद्य बघता बघता त्या बेटांचे स्वतःचे वाद्य झाले.

या सुतारांनी लाकूड कोणते वापरले? कोआ. हे सांगून कोआचे भक्त माझ्यापुढे छाती काढतात. पण का वापरले, हे ते सांगत नाहीत. कोआ हे हवाई बेटांतच उगवणारे झाड, बाभळीच्या गोतातले. बेटांवरचे लोक त्याच्या ओंडक्यांतून होड्या कोरीत असत, सुतार त्याचीच कपाटे करीत. म्हणजे ज्याचे कपाट त्याचेच वाद्य. कोआ दुर्मिळ आहे किंवा महाग आहे म्हणून त्यांनी ते उचलले नाही. ते दारात होते, हाताशी होते, हत्याराला ओळखीचे होते म्हणून उचलले. त्या तिघांचा वारसा खरोखर चालवायचा असेल तर कोआ मिळवण्यासाठी अर्धी पृथ्वी धुंडाळू नये. आपल्या दारातले चांगले लाकूड शोधावे.

माप कसे वाढले, तीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला जागतिक प्रदर्शन भरले. त्यातील हवाई संगीताने अमेरिका वेडी झाली. मार्टिनसारख्या नामांकित गिटार कंपनीने १९१६पासून युकुलेले विकायला काढले. मग वाद्य घरातून नाट्यगृहात गेले, नाट्यगृहाला मोठा आवाज हवा होता, म्हणून १९२०-३०च्या दशकात कॉन्सर्ट आणि टेनर ही मापे आली. बॅरिटोन १९४०-५०च्या दशकातले. ही वाढ गरजेपोटी झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हजार माणसांपुढे एकट्याने वाजवायचे असेल, सबंध गाण्याची चाल तारांवर काढायची असेल, तर मोठे माप कामाचे आहेच. हवाईचा गायक इझराएल कामाकाविवोओले याच्या विशाल देहापुढे टेनरसुद्धा खेळण्यासारखे दिसे, आणि जेक शिमाबुकुरो टेनरवर जे करून दाखवतो ते सोप्रानोवर सहजी व्हायचे नाही. २००६च्या सुमारास जेकचे वादन इंटरनेटवरून घरोघर पोचले, आणि तेव्हापासून ज्याला त्याला टेनर हवेसे झाले. जेकचे माप सगळ्यांनी घेतले. जेकचा रियाज मात्र दुकानात मिळत नाही.

मोठ्या मापाच्या लोकप्रियतेमागे आणखी एक कारण आहे आणि ते निव्वळ हिशेबाचे आहे. कारागिराला सोप्रानो घडवायला जेवढे श्रम पडतात, जवळजवळ तेवढेच टेनरला पडतात. बाजू तितक्याच काळजीने वाफेवर वा उष्णतेवर वाकवाव्या लागतात, आतल्या पट्ट्या तितक्याच नाजूकपणे तासाव्या लागतात, दांडी बसवणे, पडदे बसवणे, घोडी चिकटवणे, रोगण चढवणे, सारे तेच. फरक पडतो तो मूठभर लाकडाचा. त्यामुळे किमतीतही फारसे अंतर राहत नाही. मग गिऱ्हाईक म्हणते, ‘एवढेच पैसे द्यायचे तर मोठेच का घेऊ नये?’ हा भाजीबाजारातला न्याय झाला. तेवढ्याच पैशात मोठा भोपळा मिळतो म्हणून घरात दोनच माणसे असताना मोठा भोपळा आणणाऱ्या यजमानाला गृहिणी काय म्हणते, ते मी येथे लिहीत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे मी टाळणार नाही. ते म्हणतात, मोठ्या माणसाची बोटे सोप्रानोच्या पडद्यांत मावत नाहीत. काहींची मावत नाहीत, हे खरे. त्यांनी कॉन्सर्ट खुशाल घ्यावे. ते म्हणतात, सोप्रानोचा सूर टिकत नाही, वाजला न वाजला तोच विझतो. हेही खरे. सोप्रानोची मेरूपासून घोडीपर्यंतची तार जेमतेम साडेतेरा इंच, टेनरची सतरा; आणि पेटीही तेवढीच लहान. तिचा आवाज थोडका, टणत्कारी आणि चपळ असणारच. पण हा दोष कोणी ठरवला? ताशाचा आवाज तंबोऱ्यासारखा रेंगाळत नाही म्हणून ताशाला कोणी नावे ठेवीत नाही. हात वरखाली फिरवून ठेका धरायचा, त्यावर मोकळ्या गळ्याने गायचे, चार माणसांनी टाळ्या वाजवायच्या, हे सोप्रानोचे काम आहे. आधीचा सूर चटकन विझतो म्हणूनच पुढच्या आघाताला जागा मिळते.

मी कादंबऱ्याही लिहितो, म्हणून या रोगाची लक्षणे मला परिचयाची आहेत. आमच्या व्यवसायात सहाशे पानांच्या ग्रंथाला लोक उभे राहून नमस्कार करतात आणि वीस पानांची निर्दोष कथा बसल्या जागी चाळून टाकतात. कथा ही कापलेली कादंबरी नव्हे, हे आम्हा लेखकांनाही कित्येकदा सांगावे लागते. सोप्रानो हे कापलेले टेनर नव्हे.

माप कसे ठरवावे याचा धडा घ्यायला होनोलुलूला जाण्याचीही गरज नाही, मिरजेला जावे. तेथील तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या घराण्यांची कारागिरी दीड शतकाहून जुनी आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याचे माप ठरवताना आधी गळ्याची चौकशी करतो. गाणारा पुरुष की स्त्री, षड्ज कोणत्या पट्टीत? पुरुषाच्या खालच्या पट्टीला मोठा तंबोरा, स्त्रीच्या वरच्या पट्टीला लहान. म्हणून कोणी गायिका ‘मला का धाकटा?’ असे म्हणून रुसून बसल्याचे ऐकिवात नाही. तून लाकडाची दांडी व तबली आणि पंढरपूरच्या आसपास पिकलेला भोपळा, एवढ्या साध्या सामग्रीवर मोठमोठ्या गवयांनी आयुष्ये काढली. तेथे माप हे मोठेपणाचे चिन्ह नसते, ते गरजेचे उत्तर असते.

आता हा सारा बडेजाव कोणाच्या पाठीत बसतो ते सांगतो, म्हणजे हा मास्तर एवढा का तापला आहे ते कळेल. माझ्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. गळा गोड, ताल पक्का. बाक वाजवण्याबद्दल माझ्याकडून दोनदा बोलणी खाल्लेली. तिने युकुलेले मागितले. वडील बेताच्या पगाराचे. ते शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने सोप्रानो दाखवलेच नाही. ‘ते खेळणे आहे, साहेब, शिकायचे तर टेनरच घ्या, आणि हे पाहा, कोआचे आहे,’ असे सांगून ठरवलेल्या पैशांच्या तिप्पट किमतीचे वाद्य त्याने त्यांच्या गळ्यात मारले. कोआ होता तो प्लायवर चिकटवलेला कागदाएवढा पापुद्रा. मुलीचा हात दांडीच्या टोकापर्यंत पोचेना. पोचला तर बोटे पसरेनात. दोन महिन्यांत तिने वाद्य खाली ठेवले. वडील मला भेटले तेव्हा म्हणाले, ‘गुरुजी, पोरीला चिकाटीच नाही.’ मी त्यांना म्हणालो, ‘अहो, तुमचा सदरा तिला घातलात आणि चालता येत नाही म्हणून तिलाच बोलता?’ ते वाद्य आजही त्यांच्या बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलेले आहे. पाहुणे कौतुक करतात. मुलगी त्याच्याकडे पाहत नाही.

एका मुलीचे गाणे असे भिंतीला टांगले जाते, ते चुकीच्या मापामुळे आणि खोट्या प्रतिष्ठेमुळे. आणि हे अशा वाद्याच्या बाबतीत, की ज्याने लहान आणि स्वस्त असण्याच्या बळावर जग जिंकले! १९४९ साली मारिओ माक्काफेरी या नामवंत गिटारकाराने प्लास्टिकचे युकुलेले काढले. ते काही डॉलरांत मिळे, आणि लाखो मुलांनी ते हातात घेतले. कॅनडात चामर्स डोन नावाच्या शिक्षकाने १९६०नंतरच्या दशकात हॅलिफॅक्स शहराच्या शाळांतून युकुलेलेवर संगीत शिकवण्याची पद्धत रुजवली आणि ती इतर गावांत पसरली. त्याने शाळांसाठी तीन कोनांचे, सुटसुटीत वाद्यही आखले. या दोघांनी आधी वाजवणाऱ्या मुलाकडे पाहिले आणि मग वाद्याकडे. आपण नेमके उलट करतो.

आता लाकडाकडे वळू. लाकडाचे पुराण तर मापाहून रसाळ आहे. कोआचा सूर म्हणे मधाळ, महोगनीचा ऊबदार, शिसवीचा गंभीर. टेनर असेल तर पुढे स्प्रूस किंवा सीडरची तबली आणि मागे शिसवी अशी जोडी काहींना लागते. ही विशेषणे ऐकताना मला लग्नाच्या बैठकीतली स्थळांची वर्णने आठवतात. सारे ऐकून घ्यावे, पण मुलगा स्वतः पाहावा.

लाकडाला काहीच अर्थ नाही असे मी म्हणत नाही. पुढची फळी, जिला आपले सतारकार तबली म्हणतात, ती हलकी आणि ताठ असावी लागते. तारांचे कंपन हवेत पोचवते ती तीच. तिची जाडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. ती कोठे किती तासायची, आतून कोठे किती आधार द्यायचा, हे कारागिराच्या बोटांना कळते, आणि वाद्याचा आवाज मुख्यतः तेथे ठरतो. उरलेल्या लाकडाबद्दल मात्र दंतकथाच फार. २०१८ साली इंग्लंडातील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका मुरब्बी कारागिराकडून त्यांनी सहा गिटारी करवून घेतल्या. तबली सर्वांची एकाच जातीची, घडण एकसारखी. फक्त पाठ आणि बाजू सहा निरनिराळ्या लाकडांच्या. त्यात अतिदुर्मिळ ब्राझिली शिसवीही होती. मग ५२ गिटारवादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवून, मंद प्रकाशात त्यांना त्या वाजवायला दिल्या. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळजवळ सारखेच भरले, आणि आवाजावरून लाकूड वेगळे ओळखण्याची भरवशाची खूण सापडली नाही. गिटार काय आणि युकुलेले काय, पेटीच्या पाठीचे काम दोन्हीकडे तेच.

ज्यांना शास्त्रज्ञांचे पटत नसेल त्यांनी कारागिरांचे ऐकावे. आधुनिक गिटारचा जनक मानला जाणारा स्पेनचा आंतोनियो दे तोरेस याने १८६२ साली तबली चांगल्या स्प्रूसची घेऊन पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. ते गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. अमेरिकेत बॉब टेलर याने १९९५ साली माल वाहण्याच्या टाकाऊ पॅलेटच्या फळ्यांतून गिटार बांधून प्रदर्शनात मांडले. या दोघांचे सांगणे एकच आहे: हात चांगला असेल तर लाकडाचे कुळ विचारू नका.

आणि आता खास आपल्या वाचकांसाठी राखून ठेवलेली बातमी. हवाई बेटांतले नावाजलेले कारागीर आज कोआच्या जोडीला कोणते लाकूड हौसेने वापरतात ठाऊक आहे? आंब्याचे! आपल्या या भूमीतले झाड एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या बेटांवर पोचले, परसापरसांत वाढले, आणि तेथल्या कारागिरांनी ते हाताशी आहे म्हणून उचलले, जसे त्या तीन सुतारांनी कोआ उचलले होते. बुरशीने त्यात काळ्या, तांबूस, हिरवट रेघा उमटतात, आणि त्या रेघांसाठी गिऱ्हाइके खुशीने डॉलर मोजतात. आमच्याकडे आंब्याचे लाकूड म्हणजे फळांची खोकी, देवघरातला पाट आणि शेवटी सरण. तेच लाकूड साता समुद्रापलीकडे गाते आहे, आणि आमचा दुकानदार गिऱ्हाइकाला कोआच्या पापुद्र्याची थोरवी सांगतो आहे! या विनोदावर हसावे की रडावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

हा प्रश्न केवळ हौसेचा असता तर मी एवढी शाई खर्ची घातली नसती. पण दुर्मिळ लाकडाची हौस झाडे खाते. कोआची जंगले कुऱ्हाडीने आणि मोकाट गुरांनी फार आटली; तेथे गुरे मूळची नव्हती, ती अठराव्या शतकाच्या अखेरीस जहाजातून आणली गेली आणि कोवळी रोपे चरून गेली. ब्राझिली शिसवीचा धंदा इतका झाला की १९९२ साली ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराने तिच्या व्यापारावर जवळजवळ बंदीच घातली. त्याआधीच, १९६०नंतरच्या दशकाच्या शेवटी, ब्राझीलमधून ओंडके मिळणे अवघड होताच गिटारवाल्यांची नजर आपल्या शिसवीकडे वळली. सह्याद्रीच्या रानांत सावकाश, पिढ्यान्पिढ्या वाढणारे हे झाड जगभरच्या गिटारींच्या पाठी होऊन गेले. २०१७ साली शिसवीच्या साऱ्या जातीच करारात घालाव्या लागल्या. पुढे २०१९मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली. मोठ्या पानांची महोगनी तर २००३पासूनच यादीत आहे. ज्या पाठीचा फरक काळा चष्मा घातल्यावर कळत नाही, तिच्यासाठी शंभर वर्षांचे झाड आडवे करायचे, याला मी रसिकता म्हणू शकत नाही.

येथे कारागीर मला एका वाक्यात गप्प करू शकतो. तो म्हणेल, ‘गुरुजी, गिऱ्हाईक मागते ते मी देतो, माझेही घर चालले पाहिजे.’ त्याचे बरोबर आहे. म्हणूनच माझा रोख कारागिरावर नाही, मागणाऱ्यावर आहे. वाद्य घडवणारा बहुधा सांगायला तयार असतो, ऐकणारा मिळत नाही. ‘तुम्ही काय वाजवणार?’ या त्याच्या पहिल्या प्रश्नाला ‘टेनर, कोआ, शिंपल्याच्या नक्षीसकट’ असे उत्तर आले की तो बिचारा मुकाट्याने हत्यारे उचलतो.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत युकुलेले घ्यायचे मनात असेल तर मास्तराचा सल्ला फुकट आहे. ज्याच्यासाठी घ्यायचे त्याला बरोबर न्या. वाद्य त्याच्या कुशीत बसते का, डावा हात दांडीच्या टोकापर्यंत अवघडल्यावाचून पोचतो का, ते पाहा. मूल लहान असेल तर सोप्रानो घ्या आणि दुकानदाराने नाक मुरडले तर दुकान बदला. डोळे मिटून एकदा ऐका. लाकडाचे नाव नंतर विचारा, न विचारले तरी चालेल. देवाने ज्यांना चार पैसे अधिक दिले आहेत त्यांनी परदेशी कोआसाठी रांगेत उभे राहण्यापेक्षा आपल्याकडच्या एखाद्या हुशार कारागिराला आंब्याची किंवा तुनाची फळी देऊन पाहावी. तून लाकडातून सूर काढणारी पिढ्यान्पिढ्यांची बोटे मिरजेत आहेतच. त्यांना चार तारांचे वावडे असण्याचे कारण नाही.

आणि वाद्य घरी आले की ते खिळ्याला टांगू नका. ओसरीवर, गादीवर, मुलांच्या हाती लागेल असे ठेवा. पडेल, चरे पडतील, एखादी तार तुटेल. तुटू द्या, तारा फार महाग नसतात.